आठ पत्त्यांचा ओटमार

…आणि ईमेलला उत्तर किती वेळात आलं म्हणता? दोन मिनिटांत! तुम्हाला सांगतो, दोन मिनिटांत! अहो, मी लिहिलेले खेळाचे नुसते नियम वाचायला पाऊण तास लागतो, तोही चष्मा जागेवर सापडला तर, आणि या प्रकाशक मंडळींनी दोन मिनिटांत वाचलं, समजून घेतलं, आपापसात चर्चा केली आणि मला कळवलंसुद्धा, की 'प्रिय श्रीमती ओटमार'… श्रीमती!… 'आपली कल्पना लक्षवेधी आहे, मात्र ती सध्या आमच्या नियोजनात बसत नाही.' लक्षवेधी! म्हणजे काय हो? रस्त्यात गाय आडवी बसली तर तीही लक्षवेधीच असते, पण कुणी तिला घरी नेतं का?

तर मी ओटमार ब्रिंकमान, राहणार बोट्रॉप, जर्मनी. एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. म्हणजे कसं, की स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जादाचा ब्रेक माझ्या पायाखाली. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय होतं? रोझविटा, म्हणजे माझी बायको, सूप जरा जोरात ढवळायला लागली तरी माझा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. मग ती म्हणते, "ओटमार, बाहेर जा." मी म्हणतो, "कुठे?" ती म्हणते, "उजवीकडे वळ आणि सरळ जा."

आमच्याकडे रविवारी चार वाजता खेळाचा पट मांडतात. कॉफी, प्लमचा केक, आणि मग 'धुक्यातली बंदरं'. खेळायला चौघं. मी, रोझविटा, तिचा भाऊ फोल्कर, आणि वरच्या मजल्यावरच्या टिगेसबाई. बाई एक्याऐंशीच्या आहेत, एका कानानं ऐकू येत नाही, आणि कोणत्या कानानं ते त्या वेळेवर ठरवतात. खेळ सुटसुटीत. पटावर समुद्र, समुद्रावर धुकं, प्रत्येकाला एक जहाज, आणि या बंदरातून त्या बंदरात पिंपं पोचवायची… मीठ, लोकर, खारवलेले मासे. तासाभरात आटोपतो. हरलेला रागवत नाही, जिंकलेला माजत नाही, सगळे खूश. आणि तुम्हाला सांगतो, हेच मला बघवेना!

मी म्हटलं, समुद्र आहे आणि भरती-ओहोटी नाही? असं कसं चालेल? बसलो, एक पुरवणी, म्हणजे खेळाला जोडायचे जादा नियम, तयार केली. 'भरती-ओहोटी'. नियम अगदी सोपा आहे! दोन फासे टाकायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा, चंद्राची सोंगटी तितकी घरं पुढे सरकवायची, चंद्र पांढऱ्या घरात असला तर भरती, काळ्यात असला तर ओहोटी, अर्ध्या घरात असला तर मागची फेरी आठवायची, आणि ओहोटीत तुमचं जहाज बंदरात असेल तर ते गाळात रुतलं, मात्र त्यात लोकर असेल तर नाही, कारण लोकर हलकी. बस! इतकंच! फोल्कर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मग मी आता पुढे जाऊ की मागे?" मी म्हटलं, "भरती आहे की ओहोटी?" तर म्हणतो, "ते तूच सांगणार होतास ना!"

मग 'जकात' काढली. प्रत्येक बंदरात अर्ज भरायचा, तीन प्रतींत, पेन्सिलीनं. मग 'उंदीर'. मग 'दीपगृह'! दीपगृहाचा नियम तर अगदीच सोपा आहे! खोलीतला दिवा मालवायचा, ज्याची पाळी त्यानं टेबलावरचा छोटा दिवा हातात धरून गोल फिरवायचा, प्रकाश ज्याच्यावर पडेल त्यानंच डोळे उघडायचे, बाकीच्यांनी घट्ट मिटायचे. मोठ्या उत्साहानं सुरुवात केली आम्ही. तिसऱ्या फेरीत दिवे लावून बघतो तर केक संपलेला, फोल्करचं जहाज शेवटच्या बंदरात, आणि टिगेसबाई शांत झोपलेल्या. फोल्कर म्हणाला, "चांगली आहे रे पुरवणी! माझी तर दोन पिंपं वाढली!" रोझविटानं दिव्याचा बल्ब काढून खिशात ठेवला.

आता पुरवणी केली म्हणजे कुठे तरी पाठवायला नको? आणि इथेच सगळी गंमत आहे. दुसऱ्याच्या खेळाला पुरवणी लिहिणं म्हणजे कसं, सांगतो… शेजाऱ्याच्या घरावर मजला चढवायचा नकाशा घेऊन आपण त्याच्याच दारात उभं राहायचं. ज्या प्रकाशकाचा खेळ, तो म्हणतो, "आम्ही पुरवण्या बाहेरून घेत नाही, मूळ लेखकच करतो." बरं, दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवलं, तर तो म्हणतो, "अहो, पण हा खेळ आमचा नाही!" तिसऱ्याकडे पाठवलं. त्यानं फॉर्म धाडला, 'आपली कल्पना तीन वाक्यांत सांगा.' तीन! मी लिहिली. प्रामाणिकपणे तीनच लिहिली. पहिलं वाक्य दीड पान झालं, दुसरं अडीच, आणि तिसरं होतं, 'थोडक्यात, नियम अगदी सोपा आहे.' त्यांचं उत्तर आलं, 'लक्षवेधी आहे, मात्र…' सत्तावीस पत्रं, तुम्हाला सांगतो, सत्तावीस! फाइल केली आहे. वर्णानुक्रमे लावली आहेत. फोल्कर म्हणतो, तुझ्या सगळ्या कामात या फाइलचे नियम तेवढे कळतात.

हसताय? हसा, मीही हसतो. पण एक सांगू? एकतीस वर्षं लोक माझं ऐकत होते, कारण नाही ऐकलं तर समोरून ट्रक येत होता. एकदा निवृत्त झालो आणि ट्रक यायचा थांबला. आता चौकात आधी कुणी जायचं हे मला कुणी विचारत नाही. घरात मी बोलायला लागलो की माणसं खिडकीबाहेर बघतात. फक्त रविवारी, पट मांडला की, मला वाटायचं, अजून आपल्याला काही तरी सांगण्यासारखं आहे. म्हणून मी खेळता खेळता मध्येच उठायचो. "एक मिनिट, एक मिनिट! सुचलं!" म्हणायचो, आणि आतल्या खोलीत जाऊन वहीत लिहीत बसायचो. एक मिनिट म्हणजे… बरं, चाळीस. कधी पन्नास.

मग गेल्या वर्षी काय झालं, त्या खेळाला दहा वर्षं झाली म्हणून प्रकाशकांनी जाहीर केलं, या खेपेला पुरवण्या पाठवा, कुणीही पाठवा, पण नियम एका पानात मावले पाहिजेत. निवडलेल्यांना एसेन शहरात भरणाऱ्या खेळांच्या जत्रेत वीस मिनिटं भेटू. एका पानात! मी बसवलं. अक्षर जरा बारीक करावं लागलं. टिगेसबाईंनी कागद उन्हात धरला आणि म्हणाल्या, "छान आहे, पण या मुंग्या कुठून आल्या?" आणि तुम्हाला सांगतो, बोलावणं आलं! शुक्रवार, दुपारी दोन चाळीस ते तीन! मी ते पत्र फाइलमध्ये लावलंच नाही, फ्रिजवर लावलं!

त्याच आठवड्यात फोल्कर म्हणाला, "ओटमार, खरं सांगू? अजून एक पुरवणी काढलीस तर मी रविवारी यायचा नाही. बहिणीला भेटायला बुधवारी येईन." चेष्टेत नाही बोलला. मी रोझविटाकडे बघितलं, वाटलं ती भावाला झापेल. ती कप विसळत राहिली. तेव्हा मला कळलं, की ही दोघं आधीच बोललेली आहेत. मी म्हटलं, "ठीक आहे. ही शेवटची. जत्रेत नाही म्हणाले तर वही बंद." रोझविटानं वळून बघितलं. म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

शुक्रवारी निघालो. मी कोट घातला, रोझविटानं डब्यात बटाट्याचं सॅलड घेतलं, आणि पेटी मीच भरली. पट, सोंगट्या, चंद्र, चार प्रकारचे उंदीर, सगळं घरच्या खेळाच्या खोक्यातून सरळ उचललं आणि पेटीत ओतलं. ही चूक. की नशीब? ठरवा तुम्हीच.

जत्रेत ही गर्दी! आणि प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या काखेत माझ्यासारखीच पेटी! पडद्यामागच्या छोट्या टेबलापाशी लिंडलारबाई बसल्या होत्या, प्रकाशकांच्या संपादक. सभ्य बाई. डोळ्यांखाली काळं आलेलं, सकाळपासून माझ्यासारखे अकरा जण ऐकलेले. म्हणाल्या, "बोला, ब्रिंकमानसाहेब." मी म्हटलं, "नियम अगदी सोपा आहे!"… आणि रोझविटानं डोळे मिटले.

मी बोललो. तुम्हाला सांगतो, असा बोललो, की चंद्र, भरती, गाळ, लोकर, अर्धं घर, सगळं! मध्ये एकदा बाई म्हणाल्या, "म्हणजे खेळाडूनं…" मी म्हटलं, "थांबा, तिथे येतोच आहे." मी तिथे आलोच नाही. दोन पंचावन्नला मी अजून पहिल्या फेरीच्या तयारीवर होतो. बाईंचा चेहरा मला पाठ होता हो! एकतीस वर्षं पाहिलाय तो चेहरा, परीक्षेत नापास होणाऱ्या पोराला गाडीतून उतरवायच्या आधी मी हाच चेहरा करायचो. त्या म्हणाल्या, "ब्रिंकमानसाहेब, कल्पना लक्षवेधी आहे…" आणि मी घाईघाईनं 'उंदीर दाखवतो, उंदीर तर बघा' म्हणत पेटी ओढली, आणि ती कलंडली.

सगळं टेबलावर सांडलं. आणि उंदरांबरोबर बाहेर आले आठ पत्ते. मी कधी न पाहिलेले! नाश्त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कात्रीनं कापलेले, मागे ओट्सच्या कणसांचं चित्र, पुढे रोझविटाचं अक्षर. रोझविटानं झडप घातली, पण बाईंच्या हातात एक पत्ता आधीच गेला होता. त्यांनी वाचला. मोठ्यानं.

"'ओटमार विचार करतो. काहीही घडत नाही.'"

आणि बाई हसल्या! पंधरा मिनिटांत पहिल्यांदा! दुसरा उचलला. "'ओटमार नियम समजावतो. बाकी सगळ्यांनी एकेक चाल जास्त खेळावी.'" तिसरा. "'ओटमार खारवलेले मासे घेतो. कुणालाही नको असले तरी.'" चौथा. "'ओटमार ब्रेक मारतो. जो सर्वांत पुढे आहे, त्याचं जहाज एक पाळी थांबतं.'" बाईंच्या डोळ्यांत पाणी, हसून! "हे काय आहे?" रोझविटा लाल झाली होती. म्हणाली, "काही नाही हो… घरगुती आहे." "पण खेळतात कसं?" रोझविटानं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघून म्हणाली, "ओटमारची पाळी आली की एक पत्ता उलटायचा. लिहिलंय ते करायचं." बाई म्हणाल्या, "बस?" रोझविटा म्हणाली, "बस."

एक वाक्य! तुम्हाला सांगतो, एक वाक्य! पूर्णविरामासकट!

आणि मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. मी 'एक मिनिट' म्हणून आत जायचो ना? ही तिघं माझ्यासाठी थांबून थांबून कंटाळली. फोल्करनं पुठ्ठा कापला, टिगेसबाईंनी सांगितलं, रोझविटानं लिहिलं. दोन वर्षं! दोन वर्षं मी आत लिहीत होतो आणि बाहेर माझ्या जागी पुठ्ठा खेळत होता! मी परत यायचो तेव्हा माझं जहाज भलत्याच बंदरात असायचं, आणि मला वाटायचं, जाता जाता मीच हलवलं असेल. अहो, दोनदा तर मी जिंकलो! त्यांनी टाळ्या वाजवल्या! मी छोटंसं भाषणसुद्धा केलं, डावपेच समजावून सांगितले!

बाई मात्र आता सरसावून बसल्या होत्या. "दोघंच खेळायला बसले की आमचा खेळ फिका पडतो, त्यात तिसरा गडी हवा असतो. चार वर्षं आम्ही तो शोधतोय. आणि हा तर… हा जिवंत आहे हो! कोण आहे हा ओटमार?" मग मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. आणि उठलो, कोट घेतला, आणि चालता झालो.

सॉसेजच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. भूक नव्हती. गाडीवाला म्हणाला, "मोहरीचा तिखट सॉस घालू?" मी म्हटलं, "घाला." खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले होते. मोहरीचं निमित्त बरं पडलं. दहा मिनिटांनी रोझविटा आली. शेजारी उभी राहिली. म्हणाली, "फेकून देऊ का ते पत्ते?" मी म्हटलं, "तुम्ही मला हसत होतात." ती म्हणाली, "हो. हसत होतो. तू चाळीस मिनिटं आत बसायचास, आम्ही काय करणार? रडणार?" मी सॉसेज मोहरीत बुडवलं. मग ती म्हणाली, "पण तुझी खुर्ची आम्ही रिकामी ठेवली नाही, ओटमार. तीनच जणांत खेळता आलं असतं. फोल्कर म्हणालाही होता. पण ते बरं वाटेना."

आणि तिनं खिशातून त्या आठांतलाच एक पत्ता काढून माझ्या हातात दिला. "हा बाईंनी वाचला नाही. वाच." त्यावर लिहिलं होतं, 'ज्याच्याकडे सर्वांत कमी पिंपं आहेत, त्याला ओटमार आपलं एक देतो. आणि कुणाला सांगत नाही.'

मी म्हटलं, "हे तुला कसं कळलं?" कारण टिगेसबाई मागे पडल्या की मी हळूच करायचो तसं, टेबलाखालून. रोझविटा म्हणाली, "अरे, सगळ्यांना माहीत आहे. टिगेसबाई मुद्दाम मागे पडतात." म्हणजे घ्या! इथेही फसलो!

परत गेलो. लिंडलारबाई म्हणाल्या, "हे पत्ते आम्ही छापतो. फक्त नाव बदलू या, ब्रिंकमानसाहेब. कप्तान टिओडोर वगैरे काही तरी ठेवू, तुम्हाला वाईट वाटायला नको." आता बघा, माझा अपमान एका बाजूला आणि खोक्यावर माझं नाव दुसऱ्या बाजूला. किती वेळ विचार केला असेल मी? अहो, त्यांनी 'टिओडोर' म्हणायच्या आतच मी म्हटलं, "नाव ओटमारच राहील!" फक्त एक सुचवलं, की नववा पत्ता घालू, 'ओटमार भरती-ओहोटी बघतो', नियम अगदी सोपा आहे… बाई म्हणाल्या, "लक्षवेधी आहे, मात्र नको." समोरासमोर! टपालाचा खर्चसुद्धा नाही!

झालं. वही मी बंद केली, वचन ते वचन. यंदाच्या जत्रेला खोकं आलं. वर मोठ्या अक्षरांत 'ओटमार', खाली बारीक अक्षरांत 'लेखिका: रोझविटा ब्रिंकमान', आणि चित्रात एक मिशीवाला माणूस बोट वर करून काही तरी समजावतोय. मला मिशी नाही. पण बोट माझंच. नियम चार ओळींचे. आणि पत्रं येतात हो, आता रोझविटाला! ब्रेमेनहून एका बाईंनी लिहिलं, की नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची बहीण दोघीच असतात, पट उघडावासा वाटेना, आता ओटमारला घेऊन बसतात, त्यानं कधी काही चुकीचं केलं की दोघी मिळून त्याला बोलतात. रोझविटानं ते मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "कळव त्यांना, ओटमारची काही हरकत नाही."

आणि गेल्या रविवारचं सांगतो. चौघं बसलो. फोल्करही आला होता, रविवारीच आला. मी जागचा हललो नाही, वही नाही, काही नाही, पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत खुर्चीत! तर टिगेसबाई म्हणाल्या, "पत्त्यांच्या ओटमारलाही घेऊ या की, पाचवा गडी!" घेतलं. खेळलो. मी जीव तोडून खेळलो, तुम्हाला सांगतो. पिंपं मोजली. पहिल्या टिगेसबाई. दुसरा फोल्कर. तिसरी रोझविटा. चौथा ओटमार… पत्त्यांचा! आणि पाचवा, मी!

मी पटाकडे बघत बसलो. तर टिगेसबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस रे. तो तपासून, सुधारून छापलाय. तू अजून कच्चा खर्डाच आहेस."